एक मिलिमीटरचा दहावा भाग चुकला, तर काडतूस उडतच नाही किंवा नको तेव्हा उडतं. प्रायमर नावाच्या टिकलीचा विषय नेमका काय आहे?

इन्स्टावर किंवा युट्यूबवर कधी ना कधी हा व्हिडिओ तुमच्यासमोर आला असेल.

अमेरिकेतलं कुठलंतरी गॅरेज. टेबलाला घट्ट बसवलेलं एक यंत्र. एक माणूस शांतपणे हँडल खाली ओढतो, पितळेची चकचकीत पुंगळी वर जाते, खाली येते, टक् असा आवाज येतो. मग दुसरी पुंगळी. मागे संथ म्युझिक आणि कमेंटमध्ये लोक लिहितायत, “सो सॅटिस्फाइंग.”

बघायला भारी वाटतं. पण तो माणूस करतोय काय, तर बंदुकीची वापरलेली काडतुसं घरच्या घरी पुन्हा भरतोय. याला तिकडे ‘रिलोडिंग’ म्हणतात. आणि तो जो टक् आवाज येतो, त्या क्षणी पुंगळीच्या बुडात एक छोटीशी टिकली बसवली जाते. तिचं नाव प्रायमर.

अख्ख्या काडतुसात सगळ्यात छोटी वस्तू हीच. पण ती नीट बसली नाही, तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. आणि फारच चुकीची बसली, तर बंदूक धरणाऱ्याच्याच जिवाशी खेळ.

ही टिकली करते काय, बसवायची म्हणजे काय आणि तिच्यासाठी अमेरिकेत दुकानांचे कप्पे रिकामे का झाले होते, ते एकेक करून बघू.

आधी काडतूस उघडून बघू

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक. आख्खं काडतूस चार वस्तूंचं बनतं.

पहिली पुंगळी, म्हणजे पितळेची नळी. गोळीबार झाला की पोलिसांना ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ अशी बातमी येते, त्या ह्याच. दुसरी, आत भरलेली दारू. तिसरी, पुढच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. आणि चौथा, बुडाच्या मधोमध बसवलेला प्रायमर.

चाप ओढला की बंदुकीतली एक टोकदार पिन जोरात येऊन प्रायमरवर आदळते. प्रायमरमधलं रसायन त्या दणक्याने पेटतं. ती ठिणगी पुंगळीच्या बुडातल्या बारीक भोकातून आत जाते, दारू पेटते, गॅस तयार होतो आणि गोळी बाहेर पडते.

म्हणजे दारू कितीही चांगली असली, तरी काडी लावायचं काम प्रायमरचंच.

टिकलीची बंदूक आठवतेय का?

दिवाळीत लाल टिकल्या फोडलेल्या असतील, तर प्रायमर कसा चालतो हे तुम्हाला अर्धं माहितीच आहे.

बंदूक नसली की आपण काय करायचो? टिकली फरशीवर ठेवायची आणि वरून दगड घालायचा. फट्! पण तीच टिकली गादीवर ठेवून दगड मारा. काहीच होत नाही. कारण दणका बसायला खाली काहीतरी कडक लागतं. टिकली दोन कडक वस्तूंमध्ये चेंगरली पाहिजे, तेव्हाच ती फुटते.

प्रायमरचं गणित अगदी हेच आहे.

प्रायमर म्हणजे धातूची एक पिटुकली वाटी. तिच्यात दणक्याने पेटणाऱ्या रसायनाचा थर असतो. आणि वाटीच्या तोंडाशी धातूचा एक छोटा पायवाला तुकडा बसवलेला असतो. त्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ऐरण. लोहाराची असते तीच. पिन म्हणजे हातोडा, हा तुकडा म्हणजे ऐरण आणि मध्ये रसायन.

आता कळीचा मुद्दा. ही ऐरण स्वतः हवेत लटकलेली असेल तर? मग ती ऐरण नाही, गादी झाली. ऐरणीचे पाय पुंगळीच्या खाचेच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. प्रायमर ‘नीट बसवणं’ म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, ऐरणीला खाली जमीन मिळवून देणं.

ही आयडिया आली एका पाद्रीबाबांना

प्रायमर येण्याआधी बंदुका चकमकीवर चालायच्या. गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी उडायची, बाहेरच्या छोट्या पात्रातली दारू पेटायची आणि मग आतली. पाऊस आला की खेळ खल्लास.

स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावात अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ नावाचे पाद्री होते. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. पण बाहेरची दारू भक्कन पेटली की पक्ष्यांना ती दिसायची आणि गोळी निघेपर्यंत पक्षी उडून जायचे.

फॉर्सिथ रसायनांच्या मागे लागले. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० मध्ये पाऱ्यापासून बनवलेल्या, दणक्याने फुटणाऱ्या एका संयुगाची माहिती जगासमोर मांडली होती. असल्या दणक्याने फुटणाऱ्या रसायनांवर बंदूक चालवायची युक्ती फॉर्सिथ यांनी काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ठिणगीची जागा दणक्याने घेतली.

पुढे हे रसायन तांब्याच्या छोट्या टोपीत भरायला लागले. कोकणात आणि गोव्यात जी ठासणीची बंदूक असते, तिला लावायची केप म्हणजे ह्याच टोपीची पुढची पिढी.

१८५७ च्या उठावात गाजलेली एनफिल्ड रायफलसुद्धा केपवरच चालायची. मंगल पांडेंच्या काळातलं ते चरबीचं काडतूस कागदाचं होतं. त्यात दारू आणि गोळी असायची, पण केप वेगळी लावायला लागायची. सगळं एकाच पितळी पुंगळीत असलेली काडतुसं सैन्यात सर्रास वापरात आली, ती त्यानंतर.

१८६६ साली दोन माणसांनी दोन रस्ते काढले

एक होते हायरम बर्डन. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे प्रमुख. दुसरे एडवर्ड बॉक्सर, इंग्लंडच्या वुलविच इथल्या सरकारी कारखान्यातले अधिकारी. दोघांची पेटंट १८६६ मधली.

बर्डन यांनी ऐरण पुंगळीतच बनवली. खाचेच्या मधोमध एक उंचवटा आणि ठिणगी जायला साधारणपणे दोन बारीक भोकं.

बॉक्सर यांनी ऐरण प्रायमरच्या आत घातली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं.

आता गंमत बघा. अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात चालली आणि इंग्रज माणसाची पद्धत अमेरिकेने उचलली.

आणि अमेरिकेत घरोघरी रिलोडिंगचा छंद पसरायला हेच एक मोठं कारण ठरलं. बॉक्सरच्या पुंगळीत मधोमध भोक असल्यामुळे वरून एक सरळ सळई घातली की वापरलेला प्रायमर खाली पडतो. बर्डनच्या पुंगळीत मध्ये उंचवटा, भोकं बाजूला. जुना प्रायमर काढायलाच घाम फुटतो.

पण लोक हा उद्योग करतात कशाला?

काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळेची पुंगळी. ती एकदा वापरून फेकायची गरज नसते, बऱ्याचदा पुन्हा भरता येते. त्यामुळे भरपूर सराव करणाऱ्यांचा पैसा वाचतो.

दुसरं कारण अचूकता. लांबच्या निशाण्यावर नेम धरणाऱ्यांना प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच हवं असतं. तिसरं, काही जुन्या बंदुकांची काडतुसं दुकानात मिळतच नाहीत.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला वेगळा परवाना लागत नाही. पण विकायचा धंदा करायचा असेल, तर लागतो.

आपल्याकडचं एक उदाहरण इथेच सांगून टाकू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. त्या खेळात जे पॉइंट टू टू बोअरचं काडतूस वापरतात, त्याला वेगळा प्रायमर नसतोच. रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आदळते. कड एकदा चेपली की पुंगळी बाद. त्यामुळे ती काडतुसं घरी भरण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

आता मुख्य प्रश्न. नीट बसला म्हणजे किती बसला?

बुडाला जी गोल खाच असते, तिच्यापेक्षा प्रायमर किंचित मोठा असतो. म्हणून तो दाबूनच बसवावा लागतो आणि घट्ट राहतो.

नीट बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीला किंवा त्याच्या जरासा खाली असतो. जरासा म्हणजे इंचाचे काही हजारावे भाग. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साधारण एक दशांश. डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढं म्हणा ना.

प्रायमर आत जाताना आधी ऐरणीचे पाय तळाला टेकतात. मग अगदी थोडा आणखी दाब दिला की ऐरण रसायनावर हलकीशी रेलते. म्हणजे रसायन आधीच दोघांच्या मध्ये पकडलेलं असतं, आता फक्त दणका यायचा बाकी.

म्हणूनच अनुभवी लोक हातात धरायचं छोटं यंत्र पसंत करतात. मोठ्या यंत्राच्या लांब दांड्याला जोर इतका असतो की तळ कधी लागला ते हाताला कळत नाही. छोट्या यंत्रात तो टेकल्याचा स्पर्श बोटांना जाणवतो.

उंच राहिला तर?

इथे तीन वेगवेगळे घोळ होतात.

पहिला घोळ, काडतूस उडतच नाही. पिन आदळते, पण तिचा सगळा जोर प्रायमरला आत ढकलण्यातच खर्च होतो. रसायन चेंगरतच नाही. गमतीची गोष्ट म्हणजे तेच काडतूस दुसऱ्यांदा मारलं की बऱ्याचदा उडतं, कारण पहिल्या दणक्याने प्रायमर जागेवर बसलेला असतो. ‘दुसऱ्या फटक्याला उडालं’ असं कुणी सांगितलं की जाणकार माणूस पहिला संशय उंच बसलेल्या प्रायमरवर घेतो.

पण उडालं नाही म्हणून लगेच काडतूस बाहेर काढायचं नसतं. कधीकधी आतली दारू उशिरा पेट घेते. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, हा तिकडच्या रेंजवरचा पहिला धडा.

दुसरा घोळ रिव्हॉल्व्हरचा. तिच्यात काडतुसांचं चक्र फिरतं. प्रायमर वर आलेला असेल, तर तो मागच्या भिंतीला घासतो आणि चक्र अडकतं.

तिसरा घोळ सगळ्यात वाईट. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप नळीत ढकललं जातं आणि मागून जड खटका जोरात येऊन बंद होतो. एम-१ गॅरँड किंवा एआर-१५ सारख्या रायफलींमध्ये पिन मोकळी असते. खटका पुढे येताना तीही पुढे येऊन प्रायमरला हलकी टोचते. प्रायमर बुडाच्या खाली असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण तो वर आलेला असेल, तर चाप न ओढताच काडतूस उडू शकतं.

त्यातही खटका पूर्ण लॉक व्हायच्या आधी उडालं, तर सगळा दाब मागे येतो. बंदूक फुटते. आणि मागे असतो माणसाचा चेहरा.

हा फक्त गॅरेजवाल्यांचा प्रश्न नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलमध्ये ही अडचण आली, तेव्हा पिन हलकी करावी लागली. आजही लष्करी रायफलींसाठी जरा कमी संवेदनशील प्रायमर मुद्दाम बनवतात.

मग जोरात दाबून टाकायचा का?

तेही नाही. गरजेपेक्षा जास्त दाबला, तर आतला रसायनाचा थर तडकतो आणि प्रायमर नीट पेटत नाही. आणि जोराचा झटका दिला, तर तो तिथेच हातात पेटू शकतो. शेवटी तो दणक्याने पेटण्यासाठीच बनवलाय.

म्हणून प्रायमर बसवताना डोळ्यांवर चष्मा घालतात. आणि प्रायमर आत जात नसेल, तर जोर लावत नाहीत. थांबतात आणि का जात नाही ते शोधतात.

का जात नसतो?

बऱ्याचदा खाचेत आधीच्या वापराची काजळी साचलेली असते. तिचा थर तळाशी राहिला, की ऐरणीचे पाय काजळीवर टेकतात, पितळेवर नाही. वरून सगळं ठीक दिसतं, पण खाली गादी तयार झालेली असते. म्हणून खाच आधी खरवडून साफ करतात.

दुसरं कारण, पुंगळी लष्करी असते. लष्करी काडतुसात प्रायमर सुटू नये म्हणून खाचेची कड आत दुमडलेली असते. ती कड काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही, वाकडा होतो.

तिसरं, मापात गल्लत. प्रायमर मुख्यतः दोन रुंदीचे असतात, ०.१७५ इंच आणि ०.२१० इंच. पण मोठ्या मापात एक मेख आहे. रायफलचा मोठा प्रायमर आणि पिस्तुलाचा मोठा प्रायमर रुंदीला सारखे, पण रायफलचा उंचीला थोडा जास्त. तो चुकून पिस्तुलाच्या पुंगळीत घातला, तर कितीही दाबा, वरच राहणार.

याच्या उलटही होतं. तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरून खाच सैल होते. प्रायमर सहज, न दाबता बसला, तर ती खुशीची गोष्ट नाही. पुंगळी फेकायची वेळ आली.

आणि हे सगळं तपासायची सगळ्यात जुनी पद्धत काय? बोट. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवायचं. टोचलं, तर उंच आहे. किंवा सपाट काचेवर उभी करायची. डुगडुगली, तर उंच आहे.

हे सगळं दारू भरायच्या आधी, रिकाम्या पुंगळीत तपासायचं. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर खाली दाबत बसणं म्हणजे जिवंत फटाक्यावर हातोडी चालवणं.

बरणीत भरून ठेवायची वस्तू नाही

प्रायमर कंपनीच्या डब्यात येतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळं घर असतं. बहुतेक ट्रेमध्ये शंभर, असे दहा ट्रे म्हणजे हजार. हे दिसायला छान म्हणून नाही. एक पेटला तरी शेजारचा पेटू नये म्हणून मध्ये अंतर ठेवलेलं असतं.

काचेच्या बरणीत सगळे एकत्र ओतले, तर त्या बरणीचा बॉम्ब होतो. एक उडाला की सगळे उडणार आणि काचेचे तुकडे वेगळे. म्हणून घरातला साठा किती असावा यालाही तिकडे मर्यादा घालून दिलीय. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकात ती दहा हजार प्रायमरची आहे.

शिवाय आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. जुन्या खाचेतली काजळी खरवडताना ते हाताला लागतं, धुळीतून श्वासात जातं. त्यामुळे या टेबलावर चहा-बिस्कीट नको, उठताना हात साबणाने धुवायचे आणि लहान मुलांना तिथे फिरकू द्यायचं नाही.

आणि मग टिकल्याच संपल्या

पुंगळी पुन्हा वापरता येते. गोळी काही लोक घरी शिसं वितळवून ओततात. पण प्रायमर घरी बनवण्याच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. तो कारखान्यातूनच यावा लागतो. आणि अमेरिकेत असे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन.

२०२० मध्ये कोरोना आला, बंदूक खरेदीची लाट आली आणि त्याच वर्षी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. काडतुसं बनवणारे कारखाने स्वतःसाठीच प्रायमर वापरायला लागले. दुकानात सुटे प्रायमर मिळेनात. आधी तीस-चाळीस डॉलरला मिळणारा हजारचा डबा शंभर डॉलरच्या पुढे गेला.

पुंगळ्या, दारू, गोळ्या सगळं घरात पडून. पण टिकली नाही, म्हणून सगळा छंद ठप्प.

आपल्याकडे हे चालतं का?

इथे रील बघून डोक्यात काही येत असेल, तर थांबा.

भारतात शस्त्र कायदा १९५९ लागू आहे. त्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रं किंवा दारूगोळा बनवता येत नाही. आणि दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना असला, म्हणजे काडतूस बनवायचा परवाना मिळाला असं होत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. रेंजवर गेलो, आठवण म्हणून एक काडतूस बॅगेत टाकलं, असं करू नका. एअरपोर्टवर बॅगेत जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं, म्हणजे ‘जाणीवपूर्वक ताबा’ नव्हता, असं मानून कोर्टांनी असे बरेच गुन्हे रद्द केलेत. पण तोवर विमान सुटलेलं असतं, पासपोर्टचं टेन्शन आलेलं असतं आणि वकिलाची फी लागलेली असते.

बाकी अधिकृत काम बघायचं, तर ते आपल्या शेजारीच चालतं. पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात रायफलींची काडतुसं बनतात. २०२१ मध्ये या कारखान्यांची मिळून सरकारी कंपनी झाली, म्युनिशन्स इंडिया लिमिटेड. तिचं मुख्यालयही पुण्यातच.

तिथे गॅरेज नाही, ठरवून दिलेली मापं आहेत आणि ती तपासणारी माणसं आहेत. कारण पुंगळीच्या बुडातली ती टिकली केसभर वर राहिली, तर त्याची किंमत सीमेवरच्या जवानाला मोजावी लागते.

पुढच्या वेळी फीडमध्ये तो टक् आवाज ऐकलात, तर रील जरूर बघा. फक्त त्या माणसाचं बोट बघा. हँडल ओढून झाल्यावर तो प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवतोय का? फिरवत असेल, तर गड्याला काम येतं. नसेल, तर त्याच्या बंदुकीच्या आसपास उभं राहू नये.